पाहणारा कोण?

सध्याच्या काळात कीर्तनकाराला एक विषय फार सोपा झाला आहे. श्रोते पेंगू लागले, की मोबाईलचे नाव काढावे. सासू मोबाईलवर, सून मोबाईलवर आणि दूध गॅसवर, एवढे म्हटले की मंडप खदखदून हसतो. आम्हीही गेली दहा-बारा वर्षे हेच करीत आलो. हशा मिळाला, टाळ्या मिळाल्या, आणि समाजाला चार शब्द सुनावल्याचे समाधानही पदरात पडले. परंतु मागे एका एकादशीला वांगणीजवळच्या एका गावी आमची कीर्तनसेवा झाली, तेथे हे समाधान टिकले नाही.

कीर्तन आटोपले होते, बुक्का लावणे चालू होते. गळ्यात टाळ असलेले एक गृहस्थ नातवाच्या खांद्यावर हात ठेवून पुढे आले. दोन्ही डोळ्यांनी अंध. नमस्कार करून म्हणाले, "बुवा, राग मानू नका, पण एक विचारतो. तुम्ही ज्याला घटकाभर नावं ठेवलीत ना, तो मोबाईल मला रोज बातम्या वाचून दाखवतो. हातातली नोट कितीची ते सांगतो. तुम्हाला डोळे आहेत, म्हणून तुम्हाला ते खेळणं वाटतं. आमची ती दुसरी काठी आहे. मग आम्ही पण चुकतोय का?"

आम्हांला तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही. "पुढल्या खेपेला सांगतो, माउली," एवढे बोलून आम्ही सुटका करून घेतली. पण प्रश्न काही सुटला नाही. पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत, की ज्या नियमाला एक जरी व्यभिचार सापडला, तो नियम सिद्धांत म्हणून मिरवू नये. येथे तर व्यभिचार टाळ घालून आमच्यापुढे उभा होता. म्हणून पुढे बरेच दिवस जो विचार केला, तो वारकरी माउलींपुढे ठेवीत आहोत. या यंत्रांनी समाज बदलतो आहे हे कोणी सांगावयास नको. प्रश्न असा आहे, की या बदलात माणसाचे माणसाकडे पाहणे वाढले, की कमी झाले?

या विचाराला वांगणी हेच गाव आम्हांस योग्य वाटते. कल्याणहून कर्जतकडे निघाले, की बदलापूरच्या पुढचे हे स्थानक. ठाणे जिल्हा, अंबरनाथ तालुका. जवळून उल्हास नदी वाहते. या गावात अंध बांधवांची पुष्कळ कुटुंबे राहतात. मुंबईच्या मानाने येथे भाडे कमी, आणि लोकल गाडी जवळ. गाडीतून फिरत कंगवे, पेन, रुमाल अशा किरकोळ वस्तू विकणे हा यांतील अनेकांचा धंदा. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे लोकल बंद झाली, तेव्हा यांचे दुकानच बंद झाले. ज्यांचे दुकान गाडीच्या डब्यात, त्यांनी घरी बसून काय विकावे?

याच वांगणीच्या फलाटावर १७ एप्रिल २०२१ रोजी एक गोष्ट घडली, ती सर्व देशाने पाहिली. एक अंध माता आपल्या लहान मुलाचा हात धरून फलाट क्रमांक दोनवरून चालली होती. मुलगा तोल जाऊन खाली रुळांवर पडला. समोरून बंगळूरहून मुंबईकडे जाणारी उद्यान एक्सप्रेस वेगाने येत होती. आई फलाटाच्या कडेला चाचपडत राहिली. मूल कोठे आहे हे तिला आवाजावरून कळत होते, पण हाताला लागत नव्हते. मुलगा वर चढू पाहत होता, चढता येत नव्हते. त्या वेळी कामावर असलेले सांधेवाले, म्हणजे पॉइंट्समन, मयूर शेळके रुळांमधून गाडीच्या दिशेने धावत आले. त्यांनी मुलाला उचलून फलाटावर ढकलले आणि स्वतःही वर चढले. एक-दोन क्षणांत गाडी तेथून निघून गेली.

स्थानकावरील कॅमेऱ्याने हे सर्व टिपले. ते चित्रण रेल्वे मंत्र्यांनी प्रसिद्ध केले आणि दोन दिवसांत घरोघरी पोहोचले. रेल्वेने शेळके यांना पन्नास हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी देऊ केली. धावताना क्षणभर आपल्या जिवाचाही विचार मनात आला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. तो विचार येऊनही पाय थांबले नाहीत, म्हणून आम्हांला ही गोष्ट अधिक मोठी वाटते.

आता येथे नीट विचार करावा. त्या फलाटावर पाहणारे कोण कोण होते? कॅमेरा होता. त्याने पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत सर्व पाहिले, काही एक सुटू दिले नाही. पण तो जागचा हलला नाही. आई होती. तिला काहीच दिसत नव्हते, तरी तिचा जीव पूर्णपणे त्या मुलापाशी होता. आणि शेळके होते. त्यांना दिसले आणि ते धावले. मग खरे पाहिले कोणी?

न्यायशास्त्रात करण आणि कर्ता असा भेद केला आहे. कुऱ्हाडीने लाकूड तुटते, पण तोडणारा लाकूडतोड्या. कुऱ्हाड हे करण. कॅमेरा कितीही तीक्ष्ण झाला तरी तो करणच. वेदांतात 'दृग्दृश्यविवेक' नावाचे एक लहानसे प्रकरण आहे, ते आम्हांला लहानपणी पाठ करावे लागे. त्याचा विचार असा, की रूपाला पाहणारा डोळा आहे. डोळ्याला, म्हणजे डोळ्याच्या मंदपणाला आणि तीक्ष्णपणाला, जाणणारे मन आहे. आणि मनालाही जाणणारा साक्षी आहे. तो मात्र कोणाचे दृश्य होत नाही. या पायरीवर कॅमेरा कोठे बसवायचा? पुष्कळांना वाटते, की तो डोळ्याच्याही वरचा, कारण तो झोपत नाही आणि विसरत नाही. आमचे म्हणणे असे, की तो डोळ्याच्याही खाली आहे. कॅमेऱ्यात जे उमटले, तेही शेवटी कोणाच्या तरी डोळ्यांनीच पाहावे लागते. म्हणजे यंत्राने जगात आणखी एक पाहणारा वाढविला नाही. पाहण्याचे पदार्थ मात्र वाढविले. आणि पदार्थ वाढले, की डोळा सैरभैर होतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

येथे कोणी शंका घेईल: "बुवा, कॅमेरा नसता तर ही गोष्ट तुम्हांला कळली असती काय? मग त्याला एवढे खाली कशाला बसविता?" शंका रास्त आहे. कॅमेरा नसता तर मूल वाचलेच असते, पण एका सांधेवाल्याचे धैर्य चार माणसांपलीकडे गेले नसते. याच परिसरातील आणखी एक गोष्ट सांगतो. २६ जुलै २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने उल्हास नदीचे पाणी चढले, आणि कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. गाडीत हजारावर माणसे. दुसऱ्या दिवशी डब्यांतील लोकांनी मोबाईलवरून पाठविलेली चित्रे सर्वत्र पोहोचली, आणि चहूबाजूंनी भरलेले पाणी लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आपत्ती निवारण दलाचे जवान होड्या घेऊन आले, नौदल आणि वायुदलही मदतीला आले, जवळच्या गावांतील लोक पुढे सरसावले, आणि दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर पडले. तेथे मोबाईलने हाकेचे काम केले, हे मान्यच केले पाहिजे. संकटात हाक दूर पोहोचणे हे काही लहान पुण्य नव्हे.

पण हाक पोहोचली म्हणजे काम झाले काय? होडी कोणी वल्हविली, म्हाताऱ्या आजीला खांद्याचा आधार कोणी दिला, याचे उत्तर यंत्र देत नाही. हाक आणि धाव या दोन गोष्टी आहेत. यंत्राने हाक सोपी केली. धाव तेवढीच अवघड राहिली.

आता आमचीच एक गोष्ट कबूल करतो. वांगणीच्या त्या घटनेला वर्ष होऊन गेले होते. आम्ही कल्याणहून लोकलने कर्जतकडे निघालो होतो. कोणीतरी तेच चित्रण पुन्हा आम्हांला मोबाईलवर पाठविले. कानात ऐकण्याची ती बोंडे घालून आम्ही ते पाहत होतो. शेळके धावतात, मूल वर येते, गाडी निघून जाते. आमचे डोळे भरून आले. पुन्हा एकदा पाहिले. तेवढ्यात समोरच्या बाकावरचा एक कॉलेजातला मुलगा उठला. त्याच्याही हातात मोबाईल होता, तो त्याने खिशात टाकला आणि आमच्या गुडघ्याशी उभ्या असलेल्या एका अंध बाईंना म्हणाला, "ताई, बदलापूर गेलं, आता वांगणीच येतंय. या, दाराशी सोडतो." त्याने त्यांचा हात धरून नेले. परत येऊन बसल्यावर आम्हांला म्हणाला, "आजोबा, त्या तुम्हालाच विचारत होत्या. दोनदा विचारलं."

आम्ही काय बोलणार? वांगणीच्या अंध मातेसाठी आमच्या डोळ्यांत पाणी होते, आणि वांगणीची अंध बाई हातभर अंतरावर उभी असता आम्हांला दिसली नव्हती. आणि जो धावला, तो त्याच वयाचा, ज्या वयाच्या पोरांची आम्ही कीर्तनात टर उडवितो. मोबाईल त्याच्याकडे होता, आमच्याकडेही होता. भेद यंत्रात नव्हता.

महाभारतात युद्धापूर्वी व्यासमहर्षी धृतराष्ट्राला दिव्यदृष्टी देऊ करतात. धृतराष्ट्र म्हणतो, आप्तांचा वध मला पाहवणार नाही, ऐकेन मात्र. मग ती दृष्टी संजयाला मिळते, आणि संजय राजाला सर्व काही सांगतो. लहानपणी आम्हांला संजयाचे आश्चर्य वाटे. आता धृतराष्ट्राचे वाटते. कोण कोठे पडला, कोणाचा रथ मोडला, सर्व वार्ता त्याला मिळत होत्या. ज्याच्या एका शब्दाने युद्ध टळू शकले असते, तो बसून पुढचे विचारीत राहिला. आज प्रत्येकाच्या खिशात एक संजय आहे. तो वाईट नाही. संजय कधीच वाईट नव्हता, तो सत्यच सांगत होता. त्याने सांगावे आणि आपण आसन सोडू नये, ही मात्र धृतराष्ट्राची वाट. दृष्टी नसणे हा त्याचा दोष नव्हता. जागचे न उठणे हा होता.

म्हणून त्या टाळकरी माउलींचे बोलणे आम्हांला पटले. त्यांच्यासारख्यांना या यंत्राने जे दिले, ते हसण्यावारी नेणे हा आमचाच अपराध. नोटांचेच पाहा. २०१६ साली जुन्या नोटा गेल्या आणि निराळ्या आकाराच्या नव्या आल्या. अंध माणूस नोट बोटांनी मोजतो; तिची लांबी-रुंदी बदलली की त्याचे गणित मोडते. मुंबईतील १९५२ पासूनची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था याबद्दल उच्च न्यायालयात गेली. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मणी' नावाचे साधन मोबाईलसाठी काढले. नोट समोर धरली, की कितीची ते बोलून सांगते. आता पैसे परस्पर खात्यात येतात आणि ते आल्याचे मोठ्याने सांगणारी पेटीही निघाली आहे. दहाची नोट देऊन "पन्नासाची आहे हो" म्हणणारे महाभाग गाडीत पूर्वी होतेच. त्यांचा धंदा काही अंशी बसला, तर यंत्राचे उपकारच मानावेत.

विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज १९१५ मध्ये समाधिस्थ झाले. बालपणीच दृष्टी गेलेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन, सांगून लिहवून त्यांनी शंभरावर ग्रंथ सिद्ध केले. तेथे वाचणाऱ्या शिष्यालाही ग्रंथ घडत असे. आता मोबाईल वाचतो, मग शिष्याचा तो लाभ गेला, असे आम्ही त्या गृहस्थांना पुढे एकदा म्हणालो. ते हसून म्हणाले, "बुवा, नातू वाचायचा, पण त्याचा खेळ मोडायचा. आता तो वाचत नाही, गप्पा मारतो. हे बरं आहे." आमच्या ध्यानात ही बाजू आली नव्हती.

तथापि, यंत्र करणाऱ्याने कोणाला डोळ्यांपुढे ठेवले होते, हेही पाहावे लागते. बँकेचे खाते मोबाईलवरून उघडताना माणूस जिवंत आहे हे पटण्यासाठी यंत्र सांगते, "डोळे मिचकावा." ज्याला पडदाच दिसत नाही, त्याने चेहरा कोठे धरावा आणि केव्हा मिचकवावे? आम्लाच्या हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच गेल्या, त्यांनी काय करावे? जिवंत माणूस समोर उभा, आणि यंत्र म्हणते, तू जिवंत असल्याचे सिद्ध होत नाही! अशी एक पीडित भगिनी आणि एक अंध वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की अशा सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि या पद्धती सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात.

गीतेत आत्मौपम्य सांगितले आहे. दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच मानणे, हे ते आत्मौपम्य. पण दुसऱ्याचे शरीर आपल्यासारखेच असणार, असे धरून चालणे हा केवळ अविचार. ते यंत्र करणाराला दोन डोळे होते; त्याला वाटले, सर्वांना असतात. त्याला आम्ही काय बोल लावणार? आमचा कीर्तनातला विनोद तरी दुसरा काय होता?

आता आपल्या संप्रदायाकडे वळू. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी. गाडीने पंढरपुरास गेल्या. पांडुरंगाचे दर्शन लोकांनी घरच्या पडद्यावर घेतले. त्या दुःखाच्या दिवसांत तेवढाही आधार मोठा होता, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु आमचे टाळकरी जे बोलले, ते आम्ही विसरणार नाही. म्हणाले, "सगळे म्हणायचे, बसल्या जागी दर्शन होतंय. मला काय होणार? माझं दर्शन हातांनी असतं. मला त्याचे पाय पाहिजेत." पंढरीच्या देवाचे हेच वैशिष्ट्य आहे, की त्याच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवता येते. तो पदस्पर्श सुमारे दोन वर्षे बंद होता. डोळसांना त्या काळात देव निदान दिसत तरी होता. यांना पडद्यात काहीच नव्हते. गळाभेट, एकमेकांच्या पाया पडणे, खांद्याला खांदा लावून चालणे, हे वारीचे सर्व व्यवहार स्पर्शाचे आहेत. पडदा कितीही मोठा केला, तरी त्यात हे उतरत नाही.

दुसरा धोका आम्हां कीर्तनकारांचा. आता प्रत्येक कीर्तनात दोन-तीन मोबाईल उभे केलेले असतात. कीर्तन दूरच्या माणसाला ऐकावयास मिळते, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला मिळते, हा लाभ आहे. पण बोलताना आमची नजर श्रोत्यांवरून त्या काचेकडे केव्हा जाते, ते आम्हांलाच कळत नाही. कोणता विनोद कापून फिरविला जाईल, याचा हिशेब मनात चालू होतो. नाथमहाराजांची कथा आपण सांगतो: गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक लेकरू रडत होते, त्याच्या जातीचा विचार न करता नाथांनी ते कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचविले. त्या वाळवंटात कॅमेरा नव्हता. साक्षी होता, आणि नाथांना तेवढा पुरेसा होता. आज अन्नदान करताना आधी मोबाईल कोणाकडे आहे ते पाहिले जाते, आणि घेणाऱ्या गरिबाला मान वर करावयास लावतात. त्या गरिबाच्या मनाला काय वाटत असेल? शेळके यांचे धावणे आम्हांला आवडते ते याचसाठी. कॅमेरा त्यांना पाहत होता, पण ते कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते.

तेव्हा आमचा निर्णय असा. यंत्र काठीसारखे हाती धरले, तर ते तारक आहे. मग धरणारा अंध असो की डोळस. तेच यंत्र डोळ्यांपुढे धरून समोरचा माणूस दिसेनासा झाला, तर ती पट्टी आहे. गांधारीने पट्टी बांधली ती पतीसाठी. आपण कोणासाठी बांधतो, हे ज्याने त्याने पाहावे. दुःखाचे चित्र पाहून डोळ्यांत पाणी आले, की इकडे तिकडे एकदा पाहून घ्यावे. जवळ कोणी उभे असेल. दान करावे, चित्र काढू नये. आणि आमच्यासारख्यांनी तरण्या पोरांना नावे ठेवण्यापूर्वी स्वतःच्या कानांतील बोंडे काढावीत.

हा अंक छापून निघाला, की त्या टाळकरी माउलींकडे जाईल. मोबाईल तो त्यांना वाचून दाखवील. पुढल्या खेपेला उत्तर देतो म्हणालो होतो, ते हे. काही चुकले असेल, तर ते बोलून दाखवतीलच, आणि आम्ही ऐकू.

रामकृष्णहरि.